अंगठा पोचेल एवढा फोन

दुकानदाराने काउंटरवर सात फोन मांडले आणि सातही पाटाएवढे. मी मान हलवली. त्याने आठवा काढला, तो त्याहून मोठा.

"हा बघा काका, नवीनच आलाय. सिनेमा बघा, क्रिकेट बघा, डोळ्यांना त्रास नाही."

मला सिनेमा बघायचा नव्हता. मला बोलायचं होतं. पण हे त्याला सांगायचं म्हणजे आधी खिशातला माझा जुना फोन काढायला हवा, तो जागा व्हायला हवा, मग डाव्या अंगठ्याने एकेक अक्षर टिपायचं आणि शेवटी बटण दाबायचं, की आतली बाई ते वाचून दाखवणार. तेवढ्यात गडी नववा फोन काढून मोकळा. मी हाताने 'लहान, लहान' अशी खूण केली. त्याचा चेहरा उजळला. त्याने खालच्या कप्प्यातून बटणांचा फोन काढला, म्हाताऱ्यांना देतात तसला, हे मोठाले आकडे आणि डोक्यावर बॅटरी.

मी काठी आपटली आणि बाहेर पडलो. मागून बायकोचा आवाज आला, "रागावू नका हं, त्यांना बोलता येत नाही." फोनपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. रस्त्यावर रिक्षा, दुचाक्या, माणसं, सगळे नुसते बोलत होते, आणि मी उजवा पाय ओढत मांडवीच्या समुद्राकडे चालत सुटलो. चालत कसला, फरफटत. बायकोने रिक्षा आडवी घालून मला आत कोंबलं.

आता कोण मी, ते सांगतो. रत्नागिरीच्या स्टँडवर मी कंट्रोलर होतो. खिडकीत बसून गाड्यांच्या घोषणा करायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांना ओरडायचं आणि पब्लिकचं ओरडणं ऐकायचं. त्यातल्या दोन कामांत माझा हात धरणारा कुणी नव्हता. माइक बंद पडला तर मी खिडकीतून नुसता ओरडायचो आणि खेडला जाणारा माणूस मुतारीतून धावत यायचा. राग माझ्या नाकावर. घरात चहा गार मिळाला तर शेजारच्या तीन घरांना कळायचं. बायको म्हणायची, "सावकाश बोला, मी इथेच आहे, राजापुरात नाही." चांगली जोडी होती आमची. मी गरजायचो, ती टोमणे मारायची, आणि संध्याकाळी दोघं समुद्रावर भेळ खायला जायचो.

निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच वर्षी, सकाळी दाढी करताना, हातातलं रेझर खाली पडलं. उचलायला गेलो तर मीही पडलो. हॉस्पिटलातून बाहेर आलो तेव्हा उजवा हात गळ्यात बांधल्यासारखा लोंबत होता, पाय अर्धा माझा आणि अर्धा परका होता, आणि तोंडातून जे निघत होतं त्याला बोलणं म्हणायची माझी तयारी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "डोकं शाबूत आहे, भाषा शाबूत आहे. जीभ तेवढी ऐकत नाही. रोज सराव करा. आरशासमोर उभं राहून आ, ई, ऊ म्हणा. मोडकंतोडकं का होईना, बोलत राहा."

मी अकरा दिवस म्हटलं. बाराव्या दिवशी आरशात स्वतःचं वाकडं तोंड आणि हनुवटीवरची लाळ बघितली आणि आरसा पालथा घातला. ज्या माणसाचा आवाज ऐकून गाड्या सुटायच्या, त्याने घरात उभं राहून रेडकासारखं हंबरायचं? नाही जमलं मला. लाज वाटली. सरळ सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं ते मिटलंच.

मुलगी मुंबईला नोकरीला असते. तिने माझ्या जुन्या फोनमध्ये ती बाई बसवून दिली. आपण लिहायचं, ती बोलते. पुरुषाचा आवाज मराठीत धड सापडेना म्हणून बाईवर भागवलं. बाई शुद्ध बोलते, कुठे रागावत नाही, 'गाढवा' हा शब्दसुद्धा बारशाचं आमंत्रण दिल्यासारखा उच्चारते. पण बोलते! आणि तो फोन होता लहान. तळहातात मावायचा. डाव्या हाताच्या चार बोटांनी धरला की अंगठा चारही कोपऱ्यांना पोचायचा. दोन हातांच्या माणसाला ह्यातलं सुख कळायचं नाही. तुम्ही एका हातात धरता आणि दुसऱ्या हाताने टिपता. मला धरणारा तोच आणि टिपणारा तोच.

अडचण एवढीच, की फोन जुना झाला होता. मी बटण दाबायचो, आतलं चक्र फिरत बसायचं, आणि बाईला कंठ फुटेपर्यंत बोलण्याचा विषय बदललेला असायचा. मेहुणा एकदा समोर बसून म्हणाला, की हल्ली हापूसला पूर्वीची चव राहिली नाही. मी रागारागाने टिपलं, 'तुझ्या जिभेला राहिली नाही.' बाई हे बोलली तेव्हा तो त्याच्या व्याह्यांच्या बायपासबद्दल सांगत होता. सगळे माझ्याकडे बघत राहिले. वरातीमागून घोडं! भांडणाला वेळ साधावी लागते हो. अर्ध्या मिनिटाने आलेला राग म्हणजे चक्क वेडेपणा दिसतो.

म्हणून मला नवा फोन हवा होता. लहान, पण आतून दणकट. चटकन उठणारा, पहिल्या अक्षरावरून शब्द ओळखणारा, रेंज नसली तरी बोलणारा, आणि आवाज खणखणीत. एवढं मागणं फार होतं का? पण बाजाराचं गणित असं, की लहान म्हणजे हलका आणि मोठा म्हणजे भारी. लहान फोनात डोकं घालायचंच नाही, असं कुणीतरी ठरवून टाकलंय. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं आपल्यात म्हणतात, पण फोन करणाऱ्यांच्या कानावर ते गेलेलं नाही. मी रत्नागिरीतली दुकानं पालथी घातली. एकाने सांगितलं, "लहान चालत नाहीत काका, पब्लिक घेत नाही." मी लिहून विचारलं, 'मी पब्लिक नाही का?' बाई बोलेपर्यंत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

मुलगी गणपतीला आली तेव्हा माझ्यासाठी मोठा फोन घेऊन आली. चांगल्या मनाने आणला होता, मागे बोट अडकवायची कडीसुद्धा लावली होती. मी तीन दिवस झटलो. अंगठा खालच्या ओळीपर्यंत नेला की फोन वर कलंडायचा, वरच्या ओळीला नेला की खाली घसरायचा. बायको म्हणाली, "गळ्यात अडकवूया का? दोरी लावून?" मी तिच्याकडे असं बघितलं की ती स्वयंपाकघरात गेली. तिसऱ्या दिवशी पडवीत उभा होतो, फोन सटकला आणि कोपऱ्यावर उभा माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. आणि माझ्या तोंडातून शिवी गेली. न टिपता. अगदी सणसणीत, स्टँडवरची. शब्द अर्धे खाल्लेले होते, पण बायकोला सगळी कळली. ती आतून धावत आली आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "परत बोला," म्हणाली, "अहो, परत बोला ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं, ही माझ्या बोबड्या तोंडाला हसतेय. मी काठी घेतली, फाटकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. आठ फेऱ्या मारल्या. मग जुना फोन काढून टिपलं, 'तमाशा आहे का हा?' बाईने तो प्रश्न अतिशय गोड आवाजात विचारला. बायकोचं हसू मावळलं. "नाही हो," म्हणाली आणि आत गेली. मला बरं वाटलं नाही, पण मागे हटणं माझ्या स्वभावात नाही.

दसरा झाला आणि माझी खरी तगमग सुरू झाली, कारण राखण जवळ आली होती.

गावची आमची आंब्याची कलमं नाटे गावाच्या अलीकडे, सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या माळाच्या उतारावर आहेत. भावकीची सामाईक जमीन. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कोपऱ्यात एका जुन्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. दर वर्षी दिवाळीनंतर, मोहोर धरायच्या आधी, तिथे राखण द्यायची. कोंबडा, नारळ, वडे, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे गाऱ्हाणं. भावकीतल्या थोरल्याने दगडासमोर उभं राहून देवाला मोठ्याने सगळं सांगायचं आणि सगळ्यांसाठी मागायचं. एकेक मागणं झालं की मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" वडील गेल्यापासून हे गाऱ्हाणं माझं. सव्वीस वर्षं मी घालत होतो. माझा आवाज खालच्या वाडीत ऐकू जायचा आणि तिथल्या म्हाताऱ्या घरात बसल्या जागी हात जोडायच्या.

गेल्या वर्षी माझ्याऐवजी चुलतभावाने घातलं. माझ्याहून सात वर्षांनी लहान, गावीच असतो, कलमं तोच बघतो. माणूस गुणाचा, पण गाऱ्हाणं म्हणजे त्याने दूध आणायला जाऊन यावं तसं उरकलं. माकडं विसरला. वणवा विसरला. मुंबईकरांची नावनिशाणी नाही. मी मागे खुर्चीवर बसून नुसता धुमसत होतो. त्यातून लोक म्हणाले, "बरं झालं, आटपशीर झालं." आटपशीर! माझ्या छातीत जे झालं ते मलाच माहीत. माझी खुर्ची कुणी काढून घेतली नव्हती, उलट दिली होती. तेच खुपत होतं.

ह्या वर्षी त्याचा फोन आला. बायकोने फोन स्पीकरवर ठेवला. "वयनी, दादाला सांग, काय टेन्शन घेव नको. गाऱ्हाणा मी घालतंय. त्यानं आपला येवन बसायचा, जेवायचा."

मी जुन्या फोनवर टिपलं, 'गाऱ्हाणं मी घालणार.' चक्र फिरू लागलं. "बरा, ठेवतंय मग," तो म्हणाला आणि त्याने ठेवला. त्यानंतर बाई रिकाम्या खोलीत बोलली, "गाऱ्हाणं मी घालणार." बायको माझ्याकडे बघत होती. मी पडवीत जाऊन फेऱ्या मारायला लागलो.

मुलीला मी त्याच दिवशी मेसेज केला. साधा, दोन ओळींचा. 'राखणीला मला बोलायचं आहे. फोन लहान पाहिजे आणि हुशार पाहिजे. नाहीतर मी येत नाही.' तिने आठ दिवस शोधाशोध केली. शेवटी परदेशी बनावटीचा एक सापडला. आपल्याकडे विकायचा बंद झालेला, कुणीतरी हौसेने घेतलेला आणि न वापरताच ठेवलेला. तिने फोटो पाठवला. तिच्या तळहातावर ठेवलेला होता आणि तळहाताची कड चारही बाजूंनी दिसत होती. मी तो फोटो किती वेळा बघितला असेल देव जाणे. पार्सल कुठवर आलं ते बघायचा मला चाळाच लागला. पनवेल. चिपळूण. मग दीड दिवस चिपळूणच! चिपळूणला काय मुक्काम ठोकायचाय का मेल्यांना? बायको म्हणाली, "तुमच्या बघण्याने गाडी पळणार आहे का? स्टँडवर होतात तेव्हा तरी पळायची का?"

आला एकदाचा. काय सांगू तुम्हाला! डब्यातून काढला आणि हातात बसला, जसा माझ्या हाताचं माप घेऊन केला होता. अंगठा वरच्या कोपऱ्याला गेला, खालच्या कोपऱ्याला गेला, फोन हलला नाही. एक अक्षर टिपलं की तीन शब्द पुढे येऊन उभे. बटण दाबलं की बाई तयार, चक्र नाही नि काही नाही. आवाज तर असा, की पहिल्यांदा दाबला तेव्हा पडवीतलं मांजर पळालं. मुठीत धरला तर दिसायचासुद्धा नाही. शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं की खिसा फुगत नव्हता. मी तो दिवसातून पन्नास वेळा काढायचो आणि ठेवायचो.

आणि मी बोलत सुटलो. दोन वर्षांचं तुंबलं होतं. भाजीत मीठ कमी आहे. नळ गळतोय. पेपरवाल्याला सांग. मेहुण्याला फोन लाव, त्याचा हिशोब चुकता करायचाय. बायको पहिले दोन दिवस कौतुकाने ऐकत होती. मग 'हो' म्हणायला लागली. मग नुसती मान हलवायला लागली. टोमणे बंद झाले. एकदा मी मुद्दाम म्हटलं, म्हणजे बाई म्हणाली, "आज आमटी पाणचट झाली आहे." पूर्वी ह्यावर मला किमान दोन दिवस पुरेल एवढं मिळालं असतं. ती म्हणाली, "बरं," आणि ताट उचललं. मला कळेना हिला झालंय काय. मला वाटलं दमली असेल. माझ्यामागे दोन वर्षं धावतेय, दमणारच.

खरी पंचाईत गाऱ्हाणं लिहिताना झाली. सव्वीस वर्षं घातलेलं, पण कुठे लिहिलेलं नाही. ते कागदावरचं नव्हेच, ते तोंडातलं. उभं राहिलं, नारळ हातात घेतला, पहिली हाक मारली की पुढचं आपोआप यायचं. आता पडवीत बसून टिपायला घेतलं तर 'महोदय' लिहायचं तेवढं बाकी राहिलं. अगदी अर्ज! 'सर्वांना सुखी ठेवावे ही विनंती.' छे! मी पुसलं. परत लिहिलं. चार दिवस बसलो, उठलो, फेऱ्या मारल्या, परत बसलो. शेवटी एक युक्ती सुचली. वाक्यं सुटी सुटी केली. एक वाक्य, एक बटण. मी बटण दाबणार, बाई एक मागणं बोलणार, लोक 'व्हय म्हाराजा' म्हणणार, मग मी दुसरं दाबणार. एकवीस मागणी, एकवीस बटणं, सगळी अंगठ्याच्या टप्प्यात. ही व्यवस्था मोठ्या फोनावर झालीच नसती. मला माझाच अभिमान वाटला.

राखणीला मुलीने गाडी चालवली. सकाळचं ऊन सड्यावर चढत होतं, वाळलेलं गवत कमरेएवढं. पूर्वी गाऱ्हाण्याला बायका गडग्याच्या आत येत नसत, वडे घेऊन बाहेर थांबत. पण मला दगडापर्यंत चालवायला कुणीतरी हवं, म्हणून बायको माझा हात धरून आत आली. कुणी काही म्हटलं नाही. चुलतभाऊ नारळ घेऊन पुढे झाला होता. मी खिशातून फोन काढला आणि त्याच्या तोंडासमोर धरून खास त्याच्यासाठी ठेवलेलं वेगळं बटण दाबलं. "बाजूला हो. गाऱ्हाणं मी घालणार आहे." तो फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घाल दादा, तुझाच आसा ता," आणि नारळ घेऊन बाजूला झाला.

मी दगडासमोर उभा राहिलो. मागे तीसेक माणसं. फोन हातात घट्ट होता. दाबलं.

"बा राखणदारा म्हाराजा, तुझी सगळी लेकरं आज तुझ्या पायाशी उभी आहेत."

माणसांना कळेना की बाईचं वाक्य संपलं की अजून आहे. तिचा आवाज शेवटी ना चढत ना उतरत. मी मान मागे वळवून खूण केली. मग इकडून तिकडून आलं, "व्हय... म्हाराजा." कुणी आधी, कुणी नंतर. एक जण हसू दाबत होता. मी दुसरं दाबलं.

"सड्यावरचा वणवा गडग्याच्या पलीकडेच विझव."

"व्हय म्हाराजा."

"माकडांना दुसऱ्यांच्या कलमांची वाट दाखव."

ह्यावर दर वर्षी हशा पिकायचा. ह्या वर्षी नाही पिकला. बाईने ते हवामानाच्या बातमीसारखं वाचलं. पण मी थांबलो नाही. जे मुंबईत आहेत त्यांच्या नोकऱ्या, जे बोटीवर आहेत त्यांचं वादळ, लग्नाची मुलं, दुखणाईत म्हातारी, गाभण गाय, एकेक करून सगळ्यांचं मागितलं. कुणालाही विसरलो नाही. एकविसावं बटण दाबलं, लोकांनी शेवटचं 'व्हय म्हाराजा' म्हटलं, आणि मी फोन खाली घेतला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. जमलं होतं. माझं गाऱ्हाणं मी घातलं होतं. चुलतभाऊ नारळ फोडायला वाकला.

"थांबा," बायको म्हणाली.

तिने माझा दंड सोडला आणि ती दगडासमोर आली. डोक्यावरून पदर घेतला. मागे कुजबुज झाली. आमच्यात बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. मला धडकीच भरली. आता ही काय करतेय?

"बा म्हाराजा," ती म्हणाली, आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू जात होता, "चुकलं तर पोटात घाल. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं, म्हणून ह्यांनी इतकी वर्षं स्वतःसाठी काही मागितलं नाही. आज मी मागते."

नारळ फोडायला वाकलेला चुलतभाऊ सरळ झाला.

"ह्यांचा पहिला आवाज परत दे म्हणत नाही. तो गेला, ते मला कळतं. जो मोडका राहिलाय, तो मला चालतो, म्हाराजा. मला त्यातलं सगळं कळतं. ह्यांनाच तो चालत नाही. दोन वर्षं ह्यांनी तोंडाला कुलूप घातलंय. हा फोन राहू दे ह्यांच्या खिशात, बाजारात उपयोगी पडेल. पण घरात मला ह्यांच्याशी भांडायचंय, त्या बाईशी नाही. तेवढं ह्यांच्या मनात घाल."

ती हात जोडून उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. तीस माणसांसमोर! आणि राग येतोय म्हणावं तर रागही येत नव्हता. पडवीतलं तिचं ते हसणं कसलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. मी किती मूर्ख माणूस आहे तेही कळलं.

आधी चुलतभाऊच बोलला. नारळ छातीशी धरून, खाली बघत, "व्हय म्हाराजा." मग बाकीचे बोलले. मागे गडग्याबाहेर उभी मुलगीही बोलली, तिचा आवाज मी ओळखला.

राहिलो मी. मागणं माझ्यासाठी होतं, तेव्हा मलाही व्हय म्हणायला हवं होतं. फोन हातात होता. अंगठा अक्षरांवर होता. एक अक्षर टिपलं असतं तर बाकीचं त्यानेच पुढे आणलं असतं. मी फोन खिशात टाकला.

तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा गेली. मग आवाज आला, जाडाभरडा, एका बाजूला कललेला, ओठांवरून ओघळणारा.

"व्ह... ओय... म्हा... आजा."

एवढंच. आणि माझं ते शेवटचं अक्षर हवेत असतानाच, कुणी कुणाची वाट न बघता, कुणी पुढेमागे न होता, सव्वीस वर्षांच्या सवयीने तीसच्या तीस माणसं माझ्या पाठीमागून गरजली, "व्हय म्हाराजा!"